वर्गांतलें कुलूप

आजचा माझा विषय कुलुपाचा आहे. कुलूप म्हटलें कीं तिजोरी आठवते, चोर आठवतो. शाळा कोणाला आठवत नाहीं. आठवलीच तर शाळा सुटल्यावर शिपाई दाराला जें कुलूप लावतो तें आठवतें. मला सांगावयाचें आहे तें शाळा भरल्यावर लावावयाच्या कुलुपाविषयीं. वर्गांतील टेबलावर एक पेटी ठेवावी, तिला कुलूप असावें, आणि तें कुलूप गणित सुटल्यावांचून, नकाशा वाचल्यावांचून किंवा उतारा समजल्यावांचून उघडूं नये, अशा खेळाविषयीं मी बोलणार आहें.

एक उघडें पुस्तक आणि एक बंद पेटी घरांत शेजारीं शेजारीं ठेवा. मूल आधीं कोणाकडे वळेल हें आईबापांना सांगावयास नको. पेटींत काय आहे हें त्याला ठाऊक नसतें. बंद आहे एवढेंच त्याला पुरेसें असतें. हें कुतूहल मुलाच्या ठिकाणीं जन्मतःच असतें. आपण शिक्षक मात्र वर्षानुवर्षें उत्तर आधीं फळ्यावर लिहून देतों, आणि मग मुलांना कुतूहल नाहीं म्हणून हळहळतों.

या खेळाचा अलीकडचा इतिहास थोडक्यांत सांगतों. संगणकावरच्या खेळांत खेळाडू एका बंद खोलींत सांपडतो व खोलींतल्या खुणांवरून सुटकेचा मार्ग शोधतो, असा एक प्रकार होता. तोच खेळ खऱ्या जागेंत मांडण्याची कल्पना जपानांतील क्योतो शहरीं ताकाओ कातो यांनीं २००७ सालीं अंमलांत आणली. ती पाहतां पाहतां अनेक देशांत पसरली. २०१५ सालीं स्कॉट निकल्सन या अभ्यासकानें जगभरच्या अशा १७५ जागांची माहिती गोळा करून प्रसिद्ध केली. त्याच वर्षीं अमेरिकेंत जेम्स सँडर्स व मार्क हॅमन्स यांनीं 'ब्रेकआउट ईडीयू' या नांवानें हा खेळ शाळांसाठीं तयार केला. त्यांनीं त्यांत एक मोठा फरक केला. खोलीच्या जागीं त्यांनीं पेटी आणली. मुलांनीं बाहेर पडावयाचें नाहीं. मुलांनीं पेटी उघडावयाची.

हा फरक माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि कां तें सांगितल्यावांचून मला पुढें जातां येत नाहीं. ४ जानेवारी २०१९ रोजीं पोलंडमधील कोशालिन या गांवीं पंधरा वर्षांच्या पांच मुली एका मैत्रिणीच्या वाढदिवसानिमित्त अशा खोलींत खेळावयास गेल्या होत्या. इमारतींत आग लागली, त्यांना बाहेर पडतां आलें नाहीं, आणि विषारी वायूनें गुदमरून पांचहीजणी दगावल्या. त्यानंतर त्या देशांत अशा सर्व जागांची तपासणी झाली व कित्येक बंद करण्यांत आल्या. तेव्हां हा खेळ शाळेंत किंवा घरीं मांडणाऱ्या प्रत्येकाला माझें पहिलें सांगणें हें आहे : मुलाला कोंडूं नका, पेटीला कोंडा. वर्गाचें दार सताड उघडें असावें. आंतून कडी नको, बाहेरून तर नकोच नको. थोडी मौज कमी झाली तरी चालेल.

आतां मांडणीकडे वळूं. एक लांकडी किंवा पत्र्याची पेटी घ्यावी. तिच्या कडीला सहा भोकांचा एक कोयंडा बसवावा. कारखान्यांत यंत्र दुरुस्त करतांना दुसऱ्या कोणी तें चालूं करूं नये म्हणून असा कोयंडा वापरतात. हार्डवेअरच्या दुकानांत तो मिळतो. त्यांत सहा कुलुपें अडकवितां येतात, आणि सहाहीं निघाल्यावांचून कोयंडा उघडत नाहीं. कुलुपें निरनिराळ्या तऱ्हेचीं असावींत. तीन चकत्यांचें आंकड्यांचें, चार चकत्यांचें, अक्षरांचें, साधें किल्लीचें. आणि एक असें असतें कीं त्याची कळ वर, खालीं, डावीकडे, उजवीकडे अशी ठराविक क्रमानें सरकवावी लागते. अठ्ठेचाळीस मुलांचा वर्ग असेल तर आठआठांचे सहा गट करावे आणि प्रत्येक गटाकडे एक कुलूप सोंपवावें.

या सहा भोकांच्या कोयंड्यांत या खेळाचें अर्धें शहाणपण आहे. सहा गटांना सहा पेट्या दिल्या तर ती शर्यत होते. एक गट जिंकतो व पांच हरतात, आणि हरणारे गट बहुधा नेहमींचेच असतात. पेटी एकच असली तर सर्वांत हुषार गटाचें कुलूप पांच मिनिटांत निघालें तरी पेटी बंदच राहते. मग ती मुलें आपण होऊन मागें राहिलेल्यांकडे जातात. त्यांना एक नियम घालून द्यावा : मदत करतांना प्रश्न विचारावे, उत्तर सांगूं नये, आणि दुसऱ्याच्या कुलुपाला हात लावूं नये. गटाच्या आंतही हाच न्याय हवा. आठ मुलांना एकच कागद दिला तर दोघें वाचतात आणि सहाजण खिडकींतून बाहेर पाहतात. म्हणून कोड्याचे तुकडे करून ते वांटून द्यावे, म्हणजे प्रत्येकाच्या हातीं असें कांहीं तरी असेल कीं ज्यावांचून बाकीच्यांचें अडेल.

आपण विचाराल, एवढा खटाटोप कशासाठीं? हींच गणितें वहींत सोडविलीं तर काय बिघडलें? कुलूप असें काय करतें कीं जें मास्तरांना करतां येत नाहीं?

याचें उत्तर मला वर्गांतच मिळालें. निवृत्तीनंतर शनिवारीं सकाळीं मी एका शाळेंत आठवीच्या मुलांपुढें हा खेळ मांडतों. त्या वर्गांत एक मुलगी होती. सबंध सहामाहींत तिनें एकदांही हात वर केला नव्हता. विचारलें तर उभी राही, पायांच्या अंगठ्याकडे पाही आणि तशीच खालीं बसे. तिच्या गटाचें कुलूप तिच्या हातीं आलें. तिनें एक आंकडा लावला, ओढून पाहिलें, निघालें नाहीं. कोणी हंसलें नाहीं, कारण हंसण्यासारखें कांहीं घडलेंच नव्हतें. ती कागदाकडे परत गेली, दोन ओळी खोडल्या, पुन्हां आंकडा लावला. पुन्हां नाहीं. तिसऱ्या खेपेस कुलूप निघालें. तीन मिनिटांत ही मुलगी दोन वेळां चुकली होती आणि दोन्ही वेळां आपली आपण सुधारली होती. माझ्या प्रश्नाला उत्तर देतांना तिनें एकदां चुकण्याचेंही धाडस केलें नसतें.

कुलूप रागावत नाहीं, उसासा टाकत नाहीं, तांबडी शाई वापरत नाहीं, आणि "इतकें सोपें येत नाहीं?" असें म्हणत नाहीं. कोणाचें मूल आहे, मागील परीक्षेंत किती गुण होते, हें तें पाहत नाहीं. चुकलेल्याला तें एवढेंच सांगतें कीं अजून नाहीं. आपल्या वर्गांत कित्येक मुलें गप्प बसतात तीं येत नाहीं म्हणून नव्हे. चुकीचा बोभाटा होईल या भीतीनें बसतात. त्यांना चुकण्याची सुरक्षित जागा मिळवून देणें हें या खेळाचें खरें काम आहे. बाकी सर्व सजावट.

परंतु कुलूप जसें निःपक्षपाती आहे तसें तें भोळेंही आहे. ज्ञानानें आंकडा लावला कीं अंदाजानें, हें त्याला कळत नाहीं. म्हणून खेळ मांडणाऱ्यानें आधीं थोडें गणित करावें. तीन चकत्यांच्या कुलुपावर ००० पासून ९९९ पर्यंत १००० आंकडे लागतात. एक आंकडा लावून पाहण्यास तीन सेकंद धरले, तर ३५ मिनिटांच्या तासांत एखादें चिकाटीचें मूल ७०० आंकडे लावून पाहील. म्हणजे कांहीं न शिकतां कुलूप उघडण्याचा संभव दहांत सात! चार चकत्या असतील तर आंकडे १०,००० होतात व सर्व लावून पाहण्यास आठ तासांहून अधिक वेळ लागतो. तेथें चिकाटीचें कांहीं चालत नाहीं. मात्र चारांपैकीं तीन आंकडे ठाऊक झाले कीं चौथा दहा खेपांत सांपडतोच. आणि तीन निरनिराळे आंकडे ठाऊक आहेत पण क्रम ठाऊक नाहीं, असें असेल तर खेपा फक्त सहा.

हें गणित आपल्याला परकें नाहीं. बाराव्या शतकांत भास्कराचार्यांनीं 'लीलावती'मध्यें अंकपाश नांवाचें एक प्रकरण घातलें आहे. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म हीं चार आयुधें किती प्रकारांनीं देतां येतील? चोवीस. शंकराच्या दहा हातांत दहा वस्तु? छत्तीस लक्ष अठ्ठावीस हजार आठशें. वर्गांत कुलूप आणल्यावर मुलांना हा प्रश्न मुद्दाम शिकवावा लागत नाहीं. "सर, सगळे आंकडे लावून पाहिले तर किती वेळ लागेल?" असें तीं स्वतःच विचारतात, आणि मग अंकपाशाचा धडा आपोआप सुरू होतो.

अंदाजाला आळा घालण्याचा माझा उपाय साधा आहे : कागद आधीं, कुलूप मागून. उत्तर कसें आलें हें कागदावर लिहून गटांतील सर्वांनीं मान्य केल्यावांचून चकतीला हात लावावयाचा नाहीं. एवढ्यानें अर्धा धुडगूस थांबतो.

आतां कोडें कसें असावें? वाईट कोड्याची ओळख अशी कीं त्यांत विषय एकीकडे राहतो आणि कुलूप दुसरीकडे. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक कोणत्या सालीं झाला, असें विचारून कुलुपाला १६७४ हा आंकडा दिला, तर ज्याला साल पाठ आहे तो तें क्षणांत उघडतो आणि ज्याला नाहीं त्यानें कितीही विचार केला तरी त्याला तें साल सुचणार नाहीं. ही तोंडी परीक्षाच झाली. फक्त मास्तरांच्या जागीं कुलूप आलें.

चांगल्या कोड्याचें एक उदाहरण भूमितींतलें देतों. त्रिकोणाचे दोन कोन ४८ व ६७ अंशांचे आहेत; तिसऱ्या शिरोबिंदूपाशीं होणारा बाह्यकोन काढा. उत्तर ११५. परंतु गोंधळलेलें मूल १८० मधून ४८ वजा करून १३२ आणील, किंवा ६७ वजा करून ११३ आणील. हीं दोन्ही चुकीचीं उत्तरेंही तीनच आंकड्यांचीं आहेत, म्हणजे तीं कुलुपाला लागतात, आणि कुलूप त्यांना नकार देतें. हें फार महत्त्वाचें आहे. मीं तिसरा आंतला कोन विचारला असता तर उत्तर ६५ आलें असतें. चकत्या तीन आणि आंकडे दोन, हें पाहूनच मुलांनीं कांहीं तरी ताडलें असतें. मुलें ज्या चुका हमखास करतात त्या चुकाही कुलुपांत बसतील अशी योजना असावी. मगच कुलपाचा नकार कांहीं शिकवितो.

दुसरें उदाहरण दिशांच्या कुलुपाचें. महाराष्ट्राचा नकाशा द्यावा आणि एका प्रवाशाची हकीकत द्यावी : तो सोलापुराहून साताऱ्यास गेला, तेथून नाशिकास, नाशिकाहून छत्रपती संभाजीनगरास, आणि तेथून परत सोलापुरास. नकाशांत हा प्रवास ढोबळपणें पश्चिम, उत्तर, पूर्व, दक्षिण असा होतो. म्हणजे कळ डावीकडे, वर, उजवीकडे, खालीं सरकवावी. त्यांतही नकाशा मुद्दाम आडवा छापून उत्तरेचा बाण कोपऱ्यांत ठेवला, तर ज्या मुलानें बाण पाहिला नाहीं त्याच्या चारही दिशा फिरतात. त्या दिवसापासून तें मूल नकाशा हातीं घेतांच आधीं उत्तर शोधतें.

तिसरें उदाहरण आपल्या जुन्या परंपरेंतलें. आपल्याकडे आंकडे शब्दांत गुंफण्याची भूतसंख्या नांवाची रीति होती. चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पांच, ऋतु म्हणजे सहा. आंकडे सांगतांना एकं आधीं, मग दहं, मग शतं असा क्रम असे. 'नेत्र-वेद-ऋतु' एवढे तीन शब्द चिठ्ठीवर लिहावे आणि ही रीति समजावणारा एक छोटा उतारा सोबत द्यावा. घाईनें वाचणारा २४६ लावतो आणि अडतो. उतारा शेवटपर्यंत वाचणारा ६४२ लावतो. येथें कुलूप संस्कृताचें नव्हे, लक्षपूर्वक वाचनाचें आहे. मात्र 'सागर' या शब्दासारखे दोन अर्थांचे शब्द टाळावे. तो कोणी चार धरतात, कोणी सात. ज्या कोड्याला दोन खरीं उत्तरें आहेत तें मुलांवर अन्याय करतें, आणि कुलुपाजवळ दाद मागतां येत नाहीं.

यावरून कुलुपाची मर्यादा ध्यानांत येईल. तें "नाहीं" म्हणतें. "कां नाहीं" तें सांगत नाहीं. तें सांगावयास माणूसच पाहिजे. म्हणून शिक्षकानें खेळाच्या वेळीं खुर्चींत बसून पेपर तपासूं नयेत. गटागटांतून फिरावें आणि कोण कोठें अडला याची नोंद करावी. प्रत्येक गटाला मदतीच्या दोन चिठ्ठ्या द्याव्या. अडल्यावर चिठ्ठी देऊन एक प्रश्न विचारावा. शिक्षकानें उत्तर न देतां रस्ता दाखवावा. आणि ३५ मिनिटांच्या तासांतलीं शेवटचीं दहा मिनिटें खेळाला न देतां बोलण्यासाठीं राखून ठेवावीं. कोणतें कुलूप कां अडलें, पहिला आंकडा कसा चुकला, दुसरा कसा सुचला, हें मुलांनीं आपल्या शब्दांत सांगावें. हीं दहा मिनिटें गेलीं तर मुलांना कुलूप आठवतें, बाह्यकोन आठवत नाहीं. कुलूप उघडलें म्हणजे धडा संपला असें नव्हे. तेथें तो सुरू होतो.

घड्याळाविषयींही एक शब्द. व्यावसायिक खेळांत भिंतीवर मोठें घड्याळ लावतात, आणि मिनिटें कमी होत जातील तशी छातींत धडधड वाढते. मोठ्यांना ती गंमत वाटते. परंतु सावकाश विचार करणाऱ्या मुलाला घड्याळ तेंच करतें जें रागीट मास्तर करतो. धाकट्या वर्गांत घड्याळ नसावेंच.

शेवटचा प्रश्न पैशाचा. हा खेळ खर्चिक आहे, आमच्या शाळेला तो कसा परवडणार, असें पुष्कळांना वाटेल. ज्यांना कुलुपें परवडत नाहींत त्यांनीं बंद पाकिटें वापरावीं. एका मुलाला द्वारपाल करावें. खरा आंकडा त्याच्या खिशांत असावा, आणि त्यानें "उघडलें" किंवा "नाहीं" याखेरीज एक अक्षर बोलूं नये. हा द्वारपाल कुलुपाइतकाच चोख काम करतो. जेथें संगणक आहे तेथें गूगल फॉर्ममध्यें उत्तर बरोबर आल्याखेरीज पुढचें पान उघडूं नये अशी सोय करतां येते. घरीं सुटींत एक जुनी ट्रंक, एक आंकड्यांचें कुलूप आणि लिंबाच्या रसानें लिहिलेली एक चिठ्ठी एवढ्यावर संध्याकाळ सुखानें जाते. कोरडा झालेला रस दिसत नाहीं. कागद उबेवर धरला कीं अक्षरें तपकिरी होऊन उमटतात. कागदाला ऊब देण्याचें काम मात्र वडील माणसानें करावें. आणखी एक व्यवहाराची सूचना : आंकड्यांचें कुलूप उघडें असतांना मुलांच्या हातून त्याचा आंकडा नकळत बदलूं शकतो. म्हणून निघालेलें कुलूप लगेच आपल्या ताब्यांत घ्यावें, आणि खेळापूर्वीं प्रत्येक कुलूप स्वतः उघडून पाहावें.

पेटींत काय ठेवावें, असें मला नेहमीं विचारतात. गोळ्या-चॉकलेटें ठेवूं नयेत, असें माझें मत आहे. कारण मग मुलें गोळ्यांसाठीं गणित करतात, आणि गोळ्या संपल्या कीं गणितही संपतें. मी पेटींत कोरे कागद ठेवतों आणि वर एक चिठ्ठी ठेवतों : "आतां शेजारच्या तुकडीसाठीं कुलूप तुम्ही लावा." प्रथम मुलें जरा हिरमुसतात. मग कोणी तरी एक कागद उचलतो.

आणि येथें मला या खेळाचें सर्वांत मोठें फळ दिसतें. कोडें सोडविण्यास उत्तर माहीत असणें पुरतें. कोडें रचणाऱ्याला उत्तर तर माहीत पाहिजेच, पण दुसरा कोठें चुकेल, त्याला कोणता शब्द फसवील, कोणती खूण दिली म्हणजे त्याच्यावर अन्याय होणार नाहीं, याचाही विचार करावा लागतो. म्हणजे त्याला दुसऱ्याच्या डोक्यानें विचार करावा लागतो. जन्मभर शिक्षकी करून आम्हांला जें थोडेंफार साधतें, तें तेरा वर्षांचीं मुलें एका दुपारीं करून पाहतात. सहामाहींत एकदांही हात वर न करणाऱ्या त्या मुलीनें शेजारच्या तुकडीसाठीं नकाशाचें एक कोडें रचलें. तें सोडवावयास त्या तुकडीला सबंध तास लागला, आणि तासभर ती दाराशीं उभी राहून, कोणालाही उत्तर न सांगतां, त्यांना प्रश्न विचारीत होती.